दहाव्याला केलेला विनोद

आमच्या रेवदंड्याकडे कुणाचा दहावा असला की खाडीकाठी मंडप पडतो, माईक लागतो आणि श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच बोलतो, पक्षवाले बोलतात आणि शेवटी पुकारा होतो, "आता सर दोन शब्द बोलतील." सर म्हणजे मी, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला. माझ्या भाषणाची लोक वाट बघायचे आणि मला ते चांगलंच ठाऊक होतं.

भाषणात हसवणारं वाक्य पेरायची खोड मला एका नामवंत आयरिश लेखकामुळे लागली. त्याच्या चटकदार वाक्यांचं पुस्तक अलिबागच्या रद्दीवाल्याकडे मिळालं होतं. सरळ चाललेलं वाक्य हा बाबा शेवटच्या दोन शब्दांत असं उलटं करायचा की वाचणारा आधी हसायचा आणि मग गप्प व्हायचा. मी हसणं तेवढं उचललं. गप्प होण्याकडे माझं लक्षच नव्हतं. पाठ केलेली वाक्यं संपली तसा मी स्वतःच रचायला लागलो आणि त्याच्या नावावर खपवायला लागलो. गावात तपासतोय कोण डोंबलाचं!

दोन वर्षांपूर्वी कोळीवाड्यातला एक नाखवा गेला. बोटीवरच छातीत कळ आली. एके काळी हा माणूस अट्टल पिणारा, त्यामुळे गावाने लगेच ठरवून टाकलं, पिऊनच गेला असणार. दहाव्याच्या आदल्या दिवशी त्याची बायको माझ्या ओटीवर आली. सुकी मासळी विकणारी, तोंडाची फटकळ बाई, पण त्या दिवशी खांबाला धरून उभी होती.

"सर, चार वर्सं त्यांनी थेंब घेतला न्हाय. लेकीची शपथ घेतली व्हती नि पाळली. माजं कोन ऐकनार? तुमचं ऐकतील. तेवडं माईकवर सांगा. दुसरं कायपन नको."

"सांगतो की, त्यात काय एवढं!" मी म्हणालो. मनापासून म्हणालो हो.

दुसऱ्या दिवशी माझ्या आधीच्या पुढाऱ्याने अर्धा तास लोकांना पिळलं. लोक जांभया देत होते, मोबाईल चाळत होते. माईक हातात आला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. म्हटलं, आधी यांना जागं करू, मग शपथेचं सांगू.

"एका थोर आयरिश लेखकाने म्हटलंय, दर्यावरचा माणूस पाण्याला कधीच भीत नाही. फक्त ते त्याच्या ग्लासात ओतू नका!"

त्या लेखकाने असलं काहीही लिहिलेलं नाही. वाक्य माझं होतं, उभ्या उभ्या सुचलेलं.

मंडप खो खो हसला. दहाव्याला! मला इतका चेव आला की मी त्याच्या जुन्या दारूचे आणखी दोन किस्से सांगितले. तेवढ्यात भटजींनी हात केला, "सर, आवरा, वेळ झाली." लोक उठलेच. शपथ सांगायची राहून गेली. संध्याकाळपर्यंत माझी क्लिप गावाच्या ग्रुपवर फिरत होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "सर पण बोलले, म्हणजे पिऊनच गेला."

लाजेने मला जेवण गेलं नाही. ते पुस्तक काढून बसलो आणि पहिल्यांदा नीट वाचलं. त्या माणसाने टोमणे मारले होते बड्यांना, ढोंग्यांना आणि सगळ्यात जास्त स्वतःला. उलट बोलू न शकणाऱ्या माणसावर एकही नव्हता. हसण्यामागचं त्याचं शहाणपण मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं आणि मी मुलांना शिकवत होतो!

सकाळी माफी मागायला तिच्या घरी गेलो. ती अंगणात बसली होती. माझ्या आधी तीच बोलली.

"बसा सर. तुमच्यावर राग न्हाय माजा. तुमी सांगनारच व्हते, भटजीनी घाई केली. राग हाय तो तुमच्या त्या परदेसी लिवनाऱ्यावर. मेल्याला काय ठाव माज्या मानसाचं? कुठला कोन, नि भरल्या मंडपात आमची अब्रू घेतली."

ती माझ्याकडे बघत राहिली. वाक्य माझं होतं, बाई, एवढंच मला म्हणायचं होतं.

"हो ना," मी म्हणालो, "त्याने असं लिहायला नको होतं."