कावेरीवहिनींची कात्रणं

सत्त्याऐंशी साली मी सिल्वासाला बांधकाम खात्यात कारकून म्हणून लागलो. गाव राजापूर, त्यामुळे माशांशिवाय जेवण मला ठाऊकच नव्हतं. कुणीतरी तिथल्याच आमली भागातल्या कावेरीवहिनींच्या खाणावळीचा पत्ता दिला. पहिल्याच दिवशी वहिनींनी शेवभाजी वाढली. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं तशा त्या म्हणाल्या, "प्रभाकरभाऊ, आज रडून घ्या. उद्यापासून मागून खाल."

झालंही तसंच.

वहिनी अमळनेरच्या. त्यांचा नवरा, नाव कारभारी, यार्नच्या कंपनीत मशिनवर होता. तेव्हा सिल्वासात नव्या नव्या कंपन्या उघडत होत्या आणि धुळे-जळगावकडची तरुण पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरत होती. काम मिळायचं, वहिनींकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरीही मिळायची. गावाकडची बातमी मात्र मिळायची नाही. बाजारात गुजराती पेपर, आणि मुंबईचा मराठी पेपर यायचा तो दुपारी. त्यात खानदेशाबद्दल काय असणार?

वहिनी सातवी शिकलेल्या. वाचायचं भारी वेड. नाशिकहून येणाऱ्या एस.टी.चे कंडक्टर, सगळे ज्यांना आबा म्हणत, दुपारी त्यांच्याकडे जेवायला यायचे. वहिनींनी त्यांना गळ घातली, "आबा, येताना तिकडचे पेपर आणत जा ना. शिळे असले तरी चालतील." आबा नाशिकचे, धुळ्याचे, जळगावचे, मिळतील ते पेपर आणू लागले.

पण दमून आलेला माणूस चार पेपर कुठे चाळत बसणार? म्हणून वहिनींनी ज्याला-त्याला विचारलं, "तुला काय वाचायचंय ते सांग." कुणी म्हणालं गिरणा नदीला पाणी किती, कुणी म्हणालं केळीचा भाव, एकाला फक्त अमळनेरच्या बाजारपेठेची हालहवाल हवी होती. वहिनी दुपारी भांडी आवरली की कात्री घेऊन बसायच्या आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या ताटाखाली त्याचं त्याचं कात्रण ठेवलेलं असायचं. कोणाला काय हवं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पोरं आली की आधी ताट उचलून बघायची, मग हात धुवायची. मी राजापूरचं काही मागितलं तेव्हा त्या हसल्या. "तुमच्या कोकणाकडे आमच्या आबांची गाडी जात नाही." तरी महिन्यातून एखादं कात्रण कुठून तरी शोधून मला द्यायच्याच.

कारभारींच्याच कंपनीत वाल्मिक नावाचा एक उंच, हसरा मुलगा होता. त्याला फक्त कुस्ती हवी होती. त्याच्या गावचा काळू पैलवान जत्रांमधून कुस्त्या मारत होता, आणि काळू जिंकला की वाल्मिक आपणच आखाड्यातून आल्यासारखा मांडी थोपटून जेवायला बसायचा.

एकदा चोपड्याकडच्या एका जत्रेत काळू हरला. बातमीत सुरुवातीला त्यानं समोरच्याला कसं खाली घेतलं ते रंगवून लिहिलं होतं, आणि शेवटी तो चितपट झाल्याचं. वहिनींना वाल्मिकचं उतरलेलं तोंड डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्यांनी शेवटच्या ओळी कात्रीनं उडवल्या आणि वरचा तुकडा ताटाखाली ठेवला.

वाल्मिकनं तो वाचला, काळू जिंकला असं धरून चालला, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या खात्यात पेढे वाटले! तीन-चार दिवसांनी गावाहून परतलेल्या एकानं खरं सांगितलं. मग काय, कंपनीतली सगळी पाळी त्याला हसली.

तो तरातरा खाणावळीत आला. "वहिनी, हे काय केलंत?"

"अरे, तुझं वाईट वाटलेलं मला बघवलं नसतं."

"हरला तर हरला म्हणून द्या ना! जिंकला तेव्हा तो माझा, मग हरल्यावर कोणाचा? मी मागितली ती बातमी मला पुरी पाहिजे."

 वहिनी म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. यापुढे एक ओळही कापणार नाही." आणि शिक्षा म्हणून की काय, त्याला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

हा शब्द त्यांनी दिला आणि पुढच्याच महिन्यात अडचण उभी राहिली. चंदा नावाची मुलगी डबा न्यायला येऊ लागली. नंदुरबारकडची, यार्नच्याच कंपनीत पॅकिंगला होती, गावाकडच्या दोघी बायकांबरोबर खोली घेऊन राहायची. वहिनींनी तिलाही विचारलं. ती म्हणाली, "मिरचीचा भाव." तिचे वडील मिरची पिकवायचे. "भाव चढला असला की बाबा गोड बोलतात. म्हणजे सुट्टीत कधी जायचं ते मला कळतं."

आता कुस्ती ज्या पेपरात यायची, त्यात तिच्या बरोबर पाठीमागे बाजारभाव. कुस्ती कापावी तर मिरची फाटते, मिरची कापावी तर काळूचे पाय जातात. वहिनींनी बरंच उलटंपालटं करून पाहिलं आणि शेवटी पान तसंच ठेवलं.

संध्याकाळी वाल्मिक ओरडला, "वहिनी, मना कागद कोठे शे?"

"चंदाकडे आहे. तिचं झालं की घे."

चंदानं मान वर न करता सांगितलं, "माझं अजून झालेलं नाही."

"भाव वाचायला इतका वेळ?"

"आणि दोन माणसं एकमेकांना पाडतात, ते रोज वाचायचं?"

सगळे जेवायचे थांबले. शेवटी कारभारींनी तोडगा काढला: दोघांनी समोरासमोर बसायचं, पान मधे धरायचं, आणि आपापली बाजू वाचायची. चंदाचा डबा बंद झाला, ती खाणावळीतच जेवू लागली. एके दिवशी दोघं पान धरून बसली असताना कारभारी म्हणाले, "अरे, अंतरपाट धरल्यासारखं दिसतंय!" खाणावळभर हशा पिकला. वाल्मिक लाल झाला. चंदानं पान काही खाली ठेवलं नाही. बहुतेक तीही लाल झाली असावी.

त्यानंतर वहिनींच्या लक्षात येऊ लागलं. वाल्मिक विचारी, "आज मिरची कशी गेली?" आणि चंदा विचारी, "तुमच्या काळूची जोड पुढे कोणाशी?" वहिनींनी दोघांना वेगवेगळं बसवून लग्नाचं सरळ विचारलं. दोघांनीही नाही म्हटलं नाही.

माघात वहिनी, कारभारी आणि वाल्मिक नंदुरबारला गेले. चंदाचे वडील पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर होते. वाळत घातलेल्या मिरचीनं जमीन लालभडक झाली होती. पाहुणे शिंकतच बसले. वडील मुलाशी फारसं बोलेनात. सहज म्हणून म्हणाले, "यंदा भावाचा काही भरवसा नाही."

वाल्मिक म्हणाला, "संक्रांतीआधी पडला होता, पण आता आठ दिवस चढतोच आहे ना?" आणि मग दिवाळीपासूनचे चढउतार त्यानं सांगून टाकले.

वडील त्याच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही कोणत्या अडतीवर असता?"

"मी? मी सिल्वासाला यार्नच्या मशिनवर असतो."

"मग मिरचीचं कसं काय?"

 वहिनी पदरात तोंड लपवून हसत होत्या; मिरचीचा ठसका लागला, असं त्यांनी नंतर सांगितलं.

लग्नासाठी वहिनींनी खाणावळ चार दिवस बंद ठेवली. कुरकुर करायला कोणी उरलंच नाही, सगळेच वऱ्हाडात होतो. मांडव पथारीजवळ. मंगलाष्टकं म्हणता म्हणता भटजींना शिंका आल्या, मग नवरदेवाला, मग सगळ्यांना, आणि अक्षता कधी टाकायच्या ते कुणालाच कळेना. इतकं हसत लागलेलं लग्न मी दुसरं पाहिलेलं नाही.

नव्वदनंतर घरोघरी केबल आली, तरी खाणावळ भरलेलीच असायची. आसपासच्या खानवेल आणि सुरंगीकडची पोरंही जेवायला येऊ लागली. त्यांना नोकरभरतीची खबर हवी असायची, आणि ती यायची गुजराती पेपरात. वहिनींना गुजराती बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. मग चाळिशीला टेकलेल्या वहिनींनी पाटी आणली आणि शेजारच्या मंजुळाबाईंकडून अक्षरं गिरवायला घेतली. मंजुळाबाई वलसाडच्या, शिकवायला कडक. "क आणि फ मध्ये अजून गडबड!" असं त्यांचं ओरडणं मला ऑफिसला जाताना ऐकू यायचं.

एका संध्याकाळी वहिनी गुजराती पेपर घेऊन मधोमध उभ्या राहिल्या आणि अडखळत, बोट ठेवत त्यांनी एक मथळा मोठ्यानं वाचला. खानवेलला जाणारी बस आता सकाळीही सुटणार होती. खानवेलच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी पदरानं घाम पुसला, पेपर कारभारींच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धरा जरा. पुढची बातमी पण वाचते."