तोंडातले खिळे

सोफ्यांना कापड चढवणाऱ्या त्या कारागिराला सगळे ‘मुके मामा’ म्हणत, कारण दिवसभर त्यांच्या तोंडात बारीक खिळे असत. जिभेने एकेक खिळा पुढे सारायचा, चिमटीत धरायचा आणि ठोकायचा, ही तीस वर्षांची सवय. हल्ली मात्र गार पाणी लागलं की दातातून कळ थेट मस्तकात जाई.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून दिली. “घासून झालं की नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही. पुढे अर्धा तास खाणंपिणं बंद.”

मामांनी महिनाभर सकाळचा चहासुद्धा लांबवला, तरी कळ हटेना. ते तणतणत दवाखान्यात गेले. “पेस्ट बोगस आहे तुमची.”

बाईंनी आरसा घालून पाहिलं. “दातांवर हे चरे कसले? पेस्ट लावल्यावर तोंडात काय घालता?”

“काहीसुद्धा नाही. खिळे तेवढे.”

त्या दिवसापासून खिळे वाटीत गेले. हळूहळू कळ ओसरली, पण मामांना चैन पडेना. रिकामी जीभ सारखी दातांवरून फिरे आणि हातोडी चुकीच्या जागी बसे.

एका दुपारी बायको कामाच्या खोलीत येऊन समोर बसली. एरवी तिने काही विचारलं की मामा तोंडाकडे बोट दाखवून सुटत.

“आता बोला,” ती म्हणाली. “पोरगी घर सोडून निघाली, तेव्हा तिला थांब का नाही म्हणालात?”

मामांनी न बघताच वाटीकडे हात नेला. वाटी तिच्या मांडीवर होती.