देवाला 'बे' म्हणणारे फादर

साऱ्या वऱ्हाडात देवाला 'बे' म्हणणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो वऱ्हाडी नव्हता. आमच्या बोर्डिंगचे मोठे फादर समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बर्फाच्या देशातून बुलढाण्याच्या उन्हात येऊन पडले होते. मराठी ते आम्हा पोट्ट्यांकडून शिकले, म्हणजे कबड्डीच्या मैदानावर. आम्ही एकमेकांच्या गळ्यात हात टाकून ज्या मायेनं 'काऊन बे?', म्हणजे 'का रे?', विचारायचो ती ऐकून त्यांनी पक्कं ठरवलं, की 'बे' हा आदराचा शब्द आहे. मग शाळा तपासायला आलेल्या साहेबांचं स्वागत झालं, "या बे साहेब, बसा बे!" चर्चमध्येही तेच. विहिरी आटल्या की हात जोडून, "देवा, पानी काऊन नाई देऊन राह्यला बे?" गुडघ्यांवर बसून आम्ही हसू दाबायचो. मी एकदा इतकं दाबलं, की डोळ्यांतून पाणी आलं. फादरांना वाटलं, पोरगं भक्तीनं रडतंय. जेवताना मला गुळाचा जास्तीचा खडा मिळाला. परमार्थातली माझी कमाई तेवढीच.

त्यांची चूक सुधारावी असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही. ते काम पुण्याकडून आलेल्या नव्या गुरुजींनी केलं. फादरांना बाजूला घेऊन त्यांनी 'बे'चा अर्थ सांगितला. फादर कानांपर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून सुरू झालं, "आपण जेवलात काय? आपण चड्डी धुतलीत काय?" भाषा शुद्ध झाली आणि बोर्डिंग उदास. आपल्याच घरात आम्ही पाहुणे झालो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बीबी गावाकडचा एक लहानगा, मायबाप नसलेला, तापानं अंथरुणाला खिळला. डॉक्टर तपासून गेले, ते फी न घेता. फादर त्याच्या उशाशीच बसलेले असायचे. कपाळावर ओली पट्टी ठेवत त्यांनी विचारलं, "आपल्याला बरं वाटतं काय?"

पोरानं घाबरून डोळे उघडले. "फादर, तुमी मले आपण-आपण काऊन म्हणून राह्यले? मी मरून राह्यलो का?"

फादरांचा हात तिथंच थांबला. मग ते म्हणाले, "कोन म्हनते बे? झोप बे गधड्या!"

पोरगं हसलं. कुशीवर वळून झोपलं. ते पुन्हा उठलं नाही.

बोर्डिंगमागच्या कब्रस्तानात गुरुजींनी प्रार्थनेचं पुस्तक उघडून पुढं केलं. फादरांनी ते घेतलं नाही. त्या उघड्या खड्ड्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"काऊन बे?"

एवढंच म्हणाले. आम्हा पोट्ट्यांपैकी कुणी हसलं नाही. गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घातली.

पुढे फादरही त्याच मातीत, त्या लहानग्याच्या शेजारी निजले. आता मी चार माणसांत बसवण्याजोगा, पोट सुटलेला सासरा झालोय. मला 'बे' म्हणणारं कुणी उरलं नाही. जावई मोठ्या अदबीनं विचारतात, "आपण जेवलात का?" आणि माझा हात आधी कपाळाकडे जातो, ताप तर नाही ना, ते पाहायला.