पुसलेलं नाटक

माझ्या बायकोनं कॉम्प्युटर बिघडवला नव्हता. सहा वर्षं मी लोकांना तसं सांगितलं, हसत हसत सांगितलं, आणि तिलाही तेच पटवून दिलं. खरं इतकंच की त्यातली दुसरी हार्ड डिस्क आपल्या मरणानं मरत होती. तिच्यातून जे वाचलं होतं ते मी स्वतःच्या हातानं पुसलं, आणि पुसल्यावर पाच मिनिटांच्या आत बायकोचं नाव पुढे केलं.

तेव्हा आम्ही आलापल्लीला राहत होतो. मी वनविभागाच्या लाकूड डेपोत कारकून, ती जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ऑफिसातून मला एकट्यालाच नागपूरला आठ दिवसांच्या कॉम्प्युटर ट्रेनिंगला पाठवलं होतं. त्या आठ दिवसांवर मी गावात ‘कॉम्प्युटरवाले भाऊ’ झालो. लिलावाच्या याद्या अडकल्या की साहेब माणूस पाठवून मला घरून बोलवून घ्यायचे. ती हाक मला फार आवडायची. पुढे मी नागपूरहून एक जुना कॉम्प्युटर घरी आणला, आणि वर्षभरानं तिथल्याच जुन्या बाजारातली एक वापरलेली हार्ड डिस्क त्यात दुसरी म्हणून बसवली.

बायको नाटक लिहीत होती. ती मूल गावाकडची. तिकडे शंकरपट भरला, बैल पळाले, की रात्री नाटक असतंच, आणि तिनं लहानपणापासून एकही चुकवलं नव्हतं. तिच्या नाटकातली बाई ढिवराची विधवा होती. नवरा गेल्यावर गावच्या तलावातल्या मासेमारीतला त्याचा वाटा ती स्वतःसाठी मागते आणि अख्खं गाव तिच्या विरोधात जातं. दोन उन्हाळे घालवून बायकोनं ते शाळेच्या उरलेल्या वह्यांमध्ये लिहिलं. ते कॉम्प्युटरवर घ्यायचं मीच सुचवलं, टाइप करायला मीच शिकवलं. दोन बोटांनी टाइप करता करता तिनं निम्मं नाटक बदललं. तिसरा अंक तर तिनं वहीत लिहिलाच नाही, थेट मशीनवर लिहिला.

वह्या मी आंघोळीच्या बंबात घातल्या. “आता सगळं मशीनमध्ये आहे, हा कचरा कशाला?” असं म्हणून. फ्लॉपीवर एक प्रत ठेवू द्या, असं ती दोनदा म्हणाली. फ्लॉपीनं व्हायरस येतो, असं सांगून मी तिला गप्प केलं.

वडशाच्या एका नाटक कंपनीचे मालक आमच्या भागात प्रयोगाला आले होते, तेव्हा ती त्यांना जाऊन भेटली. ते म्हणाले, “बाईमाणसाचं नाटक मी आजवर उचललं नाई. पण ऐकतो. होळी झाल्यावरच्या रविवारी चार वाजता येतो. पसंत पडलं तं पुढच्या सीझनले आपलंच.”

त्या रविवारच्या आठ दिवस आधी दुसरी डिस्क वाजू लागली. टक्, टक्, मग थोडी शांतता, पुन्हा टक्. नाटक त्याच डिस्कवर होतं. फाइल उघडायला आधी एक मिनिट लागायचं, मग चार. मी रोज ऑफिसातून आल्यावर खोकं उघडून बसायचो. पट्टीसारखी केबल काढून पुन्हा लावली. डिस्कच्या मागची छोटी पिन बदलून पाहिली. डिस्क आडवी ठेवली, उभी ठेवली. तपासणीचा प्रोग्रॅम लावला, तर निळ्या पडद्यावर खराब जागांच्या खुणा एकामागून एक उमटत गेल्या. नाटक वाचेल की जाईल, या काळजीनं बायको दारात उभी राहायची.

“वाचन ना जी?”

“पाहतो,” एवढंच मी म्हणायचो.

इथे मला एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. आमच्या मशीनमध्ये पहिल्या डिस्कचे दोन भाग होते. दुसरी डिस्क बसवल्यावर अक्षरं अशी पडली: पहिल्या डिस्कचा पहिला भाग सी, दुसरी डिस्क डी, आणि पहिल्या डिस्कचा उरलेला भाग ई. रविवारी सकाळी डिस्क जराशी शुद्धीवर आली. मी लगेच नाटकाची फाइल डीवरून ईवर उतरवली. उघडून पाहिली. तिन्ही अंक होते, शेवटच्या ओळीपर्यंत.

म्हणजे नाटक वाचलं होतं. आणि मी तिला ते सांगितलं नाही. स्वयंपाकघरातून तिनं पुन्हा विचारलं, “वाचन ना जी?” आणि मी पुन्हा म्हणालो, “पाहतो.” तिला असं टांगून ठेवण्यात मला मजा येत होती. आधी ती बिघडलेली डिस्क पुसून, दुरुस्त करून, सगळं साफ करून मग तिला हाक मारायची, आणि चार वाजता पाहुण्यासमोर मीच हे कसं वाचवलं ते सांगायचं, असा माझा बेत होता.

दुपारी मी मशीन बंद व्हायला लावलं आणि चौकात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून आणायला गेलो. त्या जुन्या मशीनवर शेवटी काळ्या पडद्यावर नारंगी अक्षरं यायची, आता बंद केलं तरी चालेल अशा अर्थाची. मग बटन हातानं बंद करावं लागायचं. तिला साडीला इस्त्री करायची होती आणि खोलीत प्लग एकच. नारंगी अक्षरं येईपर्यंत ती थांबली, बटन बंद केलं आणि इस्त्री लावली. मी परत आलो तेव्हा ती साडीची घडी घालत होती.

मी केबल पुन्हा एकदा घट्ट दाबली, फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं आणि डी पुसायचा हुकूम टाइप केला. सगळा मजकूर जाईल, पुढे जाऊ का, असं मशीननं विचारलं. मी हो म्हटलं. मग डिस्क केवढी आहे तो आकडा आला. तो दुसऱ्या डिस्कच्या निम्माही नव्हता. मी तो वाचला. वाचला आणि तोंडातला खर्रा चघळत टक्के वाढताना पाहत बसलो.

मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यात फक्त सी आणि डी होते. डी रिकामा. ई कुठेच नाही. केबल दाबताना दुसऱ्या डिस्कनं दम सोडला होता, मशीनला ती दिसलीच नव्हती, आणि ती नसल्यामुळे तिचं डी हे अक्षर मागच्याला मिळालं होतं. मी पुसला तो डी म्हणजे सकाळचा ई. दुसरी डिस्क काढून पुन्हा लावली. तीनदा टक् झालं, मग तेही थांबलं.

ती इस्त्रीची साडी नेसून आली. “झालं का जी? साडेतीन झाले.”

“तू बटन बंद केलं होतं?”

“हो. इस्त्री लावाची होती.”

“झालं मग. गेली डिस्क.”

“नारंगी अक्षरं आल्यावरच बंद केलं जी मी. तुम्हीच तं सांगतलं होतं.”

“आजारी डिस्कले तसं चालते का? तिले हातच लावाचा नसते! विचारता आलं नाई तुले?”

तिनं मशीनकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. “दुसरीकडं कुठी ठेवलं नोहोतं का तुम्ही?”

“नाई,” मी म्हणालो.

ती स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली. रडली नाही. आणि मी बाहेरच्या खोलीत काय केलं? रिकामा डी कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून त्याच्यावर डेपोच्या जुन्या याद्या टाकल्या, एका सीडीतली गाणी टाकली, जेवढं सापडलं तेवढं कोंबलं. पुढे काही महिन्यांनी नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्यानं बोलता बोलता सांगितलं की पुसलेल्या डिस्कवर नवीन काही लिहिलं नाही तर जुनं बरंचसं परत काढता येतं. मी मान हलवली आणि चहाचे पैसे दिले. घरी येऊन तिला काहीच बोललो नाही.

मालक बरोबर चार वाजता आले. मी झाला प्रकार सांगितला, म्हणजे मी रचलेला प्रकार सांगितला. त्यांनी पान बाजूला थुंकलं आणि बायकोला म्हणाले, “काई बिघडत नाई बाई. कागद नसन तं नसन. तोंडी सांगा. मी चवथी शिकलो, अर्धे नाटकं ऐकूनच पाठ केले हाये.”

ती दाराला टेकून उभी होती. मग म्हणाली, “पडदा उघडते तं तलावाची पार हाये. नवऱ्याले जाऊन तेरा दिवस बी झाले नाई, अन् थे बाई त्याचं जाळं खांद्यावर घिऊन येते. गावचे चार माणसं पारीवर बसले हाये. एक म्हणते, काऊन वो, हे जाळं विकाले आणलं का? थे म्हणते, नाई, भिजवाले आणलं…”

मालकांचा कप तोंडाजवळ जाऊन थांबला होता. “मंग?” ते म्हणाले.

“मंग काय भाऊ,” मी मध्येच बोललो, “मंग लाईट गेली! आमच्या घरच्या लोडशेडिंगनं बटन बंद केलं!”

मालक असे हसले की चहा बशीत सांडला. मीही हसलो. त्यांनी डोळे पुसत “बरं, मंग बाई?” असं पुन्हा विचारलं, पण ती कपबशा उचलायला लागली होती. “आठवून ठेवते,” म्हणाली. ते गेले. त्या सीझनला त्यांनी दुसरंच कोणाचं नाटक घेतलं.

लोडशेडिंग हे नाव मग चिकटलं. मीच चिकटवलं. साळ्याच्या लग्नात सांगितलं, ऑफिसच्या पार्टीत सांगितलं, तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही सांगितलं. दर वेळी लोक हसायचे आणि ती ताटं उचलायला उठायची. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तुम्ही दुरूनच पाहा. तुमच्या साहेबांनी आम्हाले सांगतलं हाये.” त्यांनी गमतीनं म्हटलं, पण चावी शिपायाकडे दिली. घरी मोबाइल आला, तर रिंग वाजली की ती मला आणून द्यायची. बटन दाबायची नाही. नाटकाचा शब्द तिनं पुन्हा काढला नाही. एकदा मीच विचारलं, नवीन का लिहीत नाहीस. ती म्हणाली, “माह्या हातानं जळते,” आणि तांदूळ निवडत राहिली. त्या दिवशी तोंडाशी आलेलं मी गिळलं. असं किती वेळा गिळलं ते मोजलेलं नाही.

मग शिक्षकांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली. ती अहेरीला क्लासला जाऊ लागली आणि पहिल्याच चाचणीत नापास होऊन आली. मे महिन्याच्या दुपारी मी तिला घरच्या नव्या मशीनसमोर बसवलं. माउसला हात लावण्याआधी ती दर वेळी तळवा पदराला पुसत होती. एक अक्षर दाबलं की हात मागे घेऊन, काही जळलं तर नाही ना, म्हणून पडद्याकडे पाहायची. तरी पत्र लिहिलं, तक्ता केला, सगळं बरोबर केलं. शेवटी मी म्हटलं, आता बंद कर.

“बंद तुम्ही करजा.”

“परीक्षेत बंदही करावं लागते.”

“मी नाई करत जी. हात जोडते तुमच्यासमोर, तेवढं नका सांगू.” आणि तिनं खरोखर हात जोडले.

तेव्हा मी सांगितलं. सकाळी नाटक वाचलं होतं इथपासून, डीवर गाणी कोंबली इथपर्यंत, सगळं. माझं चुकलं, असंही म्हणालो. पंखा फिरत होता. तिनं विचारलं, “तिन्ही अंक होते?”

“होते.”

“तिसरा मले आता आठवत नाई.” मग म्हणाली, “त्या भाऊसमोर मी सांगून राह्यली होती. तेव्हा काऊन हासवलं तुम्ही?”

मी म्हणालो, तू चांगलं सांगत होतीस. तुला मशीन लागत नव्हतं. मग मी तरी कशाला लागणार होतो?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आजही ते लिहिताना मान वर होत नाही. “हे मले सांगून काय होते?” ती म्हणाली. “हासले तिथी सांगा.”

दोन दिवसांनी आम्ही एसटीनं वडशाला गेलो. कंपनीच्या ऑफिसात मालक खाटेवर पडले होते, केस पांढरे झाले होते. मला पाहून उठून बसले. “या या! लोडशेडिंगवाले ना तुम्ही? अजी, ते गोठ मी किती जणाले सांगतली!” ते हसायला लागले. बायकोच्या नाटकाचं विचारलं तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “नाटक? कोणतं नाटक जी?”

ते त्यांना आठवत नव्हतं. तलावही नाही, जाळंही नाही.

बायको खुर्चीवर बसली होती. खाली पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. दोन नट कोपऱ्यात पत्ते खेळत होते, तेही थांबले. मी उभा राहिलो आणि मालकांकडे न पाहता तिच्याकडे तोंड करून बोललो. “भाऊ, हिनं काईच बंद केलं नोहोतं. नाटक मी पुसलं. वाचलेलं पुसलं, अन् हिच्यावर ढकललं. तुम्ही ऐकून राह्यले होते तेव्हा बी मीच हिचं तोंड बंद केलं. सहा वर्षं लोकायले हासवलं हिच्यावर. हे चूक नोहे, हे मी समजून-उमजून केलं. त्याची मी तुमच्या सगळ्यासमोर हिले माफी मागतो.”