चार बॅरल आणि मावा जलेबी

चौथ्या बॅरलचा घोटही थुंकला आणि मी गोंधळले. चारही वाइन आंबट, कडू, पातळ. वास मात्र सुरेख येत होता. नाक पास म्हणतंय आणि जीभ फेल, असं वाइन पारखायच्या पंधरा वर्षांत कधी झालं नव्हतं. लॅबच्या रिपोर्टमध्येही काही खोट नव्हती.

देडतलाईच्या रस्त्याला माझ्या क्लायंटने, महाजनभाऊंनी, केळीच्या शेजारी कॅबर्ने आणि मेर्लो लावली होती. फ्रान्समधल्या बोर्डोत या दोन द्राक्षांचा ब्लेंड करतात. नव्या वाइनमध्ये टॅनिन जास्त असतं. टॅनिन म्हणजे कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ कोरडी करतं ते. तेवढं मी धरून चालते, पण हे त्यापलीकडचं होतं.

महाजनभाऊंनी सरळ विचारलं, "पास का फेल? फेल असेल तर वेली काढतो, मंग केळीच लावतो." त्यांचा मुलगा नीलेश वाइनचं शिकून आला होता. तो माझ्याकडेच बघत होता. मला खूप वाईट वाटलं, पण मी म्हटलं, "चवीला फेल." भाऊ "बरं" म्हणून बाहेर गेले.

मी पुन्हा रिपोर्ट चाळत बसले. काही केल्या उलगडा होईना. तेवढ्यात नीलेशची आई चहा आणि जलेबी घेऊन आली. या घरात पाहुण्याचं तोंड गोड केल्याशिवाय काम सुरू होत नाही. सकाळीही मी दोन गरम मावा जलेब्या खाऊनच टेस्टिंगला बसले होते.

ती म्हणाली, "पहिले चहा घ्या, मॅडम. जलेबीच्या बाद फिक्का लागते."

माझे कान लाल झाले. गोडानंतर कोरडी वाइन आंबट आणि कडू लागते, हे मी ट्रेनिंगमध्ये दुसऱ्यांना शिकवते.

चूळ भरली, कोरडी पोळी खाल्ली, तासभर थांबले. नीलेशला बॅरलचे नंबर झाकून ग्लास भरायला सांगितले. तीन बॅरल उत्तम निघाले. चौथा जरा कच्चा होता, त्याला सहा महिने हवे होते.

नीलेशने लगेच वडिलांना फोन लावला. भाऊंनी जेसीबी बोलावला होता. मेर्लोच्या दोन ओळी उपटून झाल्या होत्या.

मी शेतात जाऊन माफी मागितली. भाऊ उपटलेली एक वेल बाजूला ठेवत म्हणाले, "मॅडम, तुम्ही अजून एक घंटा लावला असता तर चाललं असतं."

तेव्हापासून मी पहिल्या टेस्टिंगवर निकाल सांगत नाही. क्लायंट कुरकुरतात. रिपोर्ट मी दुसऱ्या दिवशीच देते.