नऊ भोकांची पट्टी

"टोकं दाखव," सर म्हणायचे आणि खुर्ची ओढून शेजारी बसायचे. प्रोग्राम मस्त चालतोय असं तुम्ही कितीही सांगा, त्यांचं एकच. "मधलं कुणालाही जमतं गं. टोकं दाखव."

नव्वदच्या दशकात मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटरच्या खोलीत होतो. मी आंबिवलीहून येणारी, नुकताच डिप्लोमा झालेली आणि त्याचा तोरा मिरवणारी. ते मूळचे बॉयलरवरचे. वीस वर्षं दाबाचा काटा वाचून वहीत लिहिला. आकडा कधी चुकला नाही म्हणून साहेबांनी त्यांना वर आणून बसवलं. दाराबाहेर चपला काढून यायचे आणि एसी सोसत नाही म्हणून भर मे महिन्यात स्वेटर घालायचे.

आकडा ठरलेल्या हद्दीत आहे का, हे तपासायला आम्ही रेग्युलर एक्स्प्रेशन लिहायचो, म्हणजे अक्षरांचा साचा. पहिल्याच आठवड्यात एक ते एकतीस तारखांसाठी मी ऐटीत [1-31] लिहिलं. मशीनने एक, दोन, तीन तारीख घेतली आणि चारला हाकलून दिलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"अगं, त्याला एकेक अंक वाचता येतो, मोजता कुठे येतं! त्याने 'एक ते तीन, नाहीतर एक' एवढंच वाचलं."

मग त्यांनी प्रिंटरच्या कागदाची कडेची भोकांची पट्टी फाडली. एक भोक म्हणजे एक आकडा. तिचे तुकडे केले: एक ते नऊ, दहा ते एकोणतीस, तीस-एकतीस. प्रत्येक तुकड्याला वेगळा साचा. दोन वर्षांच्या डिप्लोमात मला हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

पुढे गेटपास कॉम्प्युटरवर आले. नवा नियम निघाला, वय अठरा ते अठ्ठावन्न. त्याआधी गेटवर कुणी वय विचारत नसे. मी पट्टी फाडून साचे लिहिले आणि त्यांना हाक मारली.

"टोकं दाखव."

सतरा नाकारलं. अठरा घेतलं. अठ्ठावन्न घेतलं. मग त्यांनी स्वतःच एकोणसाठ टाइप केलं. प्रिंटरने कुरकुरत पास छापला.

"चुकलं," ते म्हणाले. "माझं वय आत आलं."

त्यांचं वय मला तेव्हा कळलं. शेवटच्या तुकड्यात घाईघाईत मी पन्नासपासून पार एकोणसाठपर्यंत सगळ्यांना घेतलं होतं.

"राहू द्या ना सर. साहेब थोडेच बघणार आहेत?"

"बॉयलरचा काटा लाल रेषेपुढे गेला, तर राहू द्या म्हणशील?" मग म्हणाले, "घरी बसायचं माझ्या जिवावर येतं गं. पण चुकीच्या पासावर नको."

समोर दहा भोकांचा शेवटचा तुकडा पडला होता. त्यातलं टोकाचं भोक त्यांनी अलगद फाडून शर्टाच्या खिशात टाकलं. मी साच्यात नऊच्या जागी आठ केलं. त्यांनी पुन्हा एकोणसाठ टाकलं. मशीनने नाकारलं.

"आत्ता बरोबर," म्हणाले, आणि खरंच खूश झाले. मला मात्र त्यांचा राग आला होता.

नऊ भोकांचा तो तुकडा अजून माझ्याकडे आहे.

एक तारखेपासून नवे पास लागू झाले. त्या दिवशी दाराबाहेर माझ्या एकटीच्याच चपला होत्या. प्रोग्राम लावला आणि सवयीने टोकं तपासायला घेतली. सतरा, अठरा, अठ्ठावन्न. एकोणसाठ टाकायला मात्र माझा हात धजेना.