सासूबाईंचा महाशीर

माझे सासरे घरात फार बोलतात. दाढी करताना बोलतात, जेवताना बोलतात, टीव्हीवर जो कोणी बोलत असेल त्यालाही उत्तरं देतात. नदीवर गेले की मात्र त्यांचा आवाज बंद होतो. हे मला कळायला लग्नानंतर बरीच वर्षं जावी लागली, कारण तोवर मी त्यांच्याबरोबर नदीवर कधी गेलेच नव्हते. आमच्या घरातलं कोणीच गेलं नव्हतं.

त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. धरणं, कालवे आणि डाकबंगले करत फिरताना कुठल्याशा साहेबाने त्यांना गळ टाकायला शिकवलं आणि ते वेड निवृत्तीनंतरही टिकलं. दर उन्हाळ्यात ते आणि त्यांचे एक जुने सहकारी पहाटे ग्वाल्हेरहून निघायचे, डबरा, दतिया, झाशी मागे टाकत ओरछ्याच्या पुढे बेतवेच्या काठी जाऊन बसायचे आणि संध्याकाळी उन्हाने काळेठिक्कर पडून परतायचे. त्यांना हवा असायचा महाशीर. हा मासा खडकांतून धावणाऱ्या पाण्यात राहतो, त्याच्या ओठांपाशी चार मिशा असतात आणि अंगावर हाताच्या अंगठ्याएवढी मोठी खवलं. गळाला लागला तर पाण्याच्या जोरासकट ओढतो. पकडला तरी घरी आणायचा नाही, परत सोडून द्यायचा, ही तिथल्या परवान्याची अटच. त्यामुळे आमच्या घरात महाशीर कधी शिजला नाही. आम्ही तो फक्त ऐकला. त्यातही एक फार मोठा, ऐन काठाशी येऊन निसटलेला, तो तर आम्हा सगळ्यांना पाठ होता.

मग एका वर्षी ते सहकारी मुलाकडे हैदराबादला राहायला गेले. त्याच हिवाळ्यात बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं नीट दिसत नाही म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावलं आणि सकाळ-संध्याकाळ घालायचे थेंब लावून दिले, कायमचे. एप्रिल उजाडला तशी बाबांनी माळ्यावरून रॉड काढला. आमच्या सिटी सेंटर भागातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून ते रीलला तेल घालायचे, दोरी पूर्ण उलगडायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. जायचं मात्र कुठेच नव्हतं.

चार दिवस हे बघितल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या.

"तुझ्या कॉलेजला आता सुट्ट्या आहेत नं?"

"पेपर तपासायचे आहेत, आई."

"ते कुठेही बसून होतात. तू यांना घेऊन जा. घरात बसून माझं डोकं खाऊन राहिलेत."

माझं माहेर ग्वाल्हेरातलंच, फूलबागेजवळचं. संस्थानच्या दरबारात लेखण्या चालवणाऱ्यांचं, पक्कं शाकाहारी घर. मी मासे धरायला निघाले आहे हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लग्न केलंस तेव्हाही आम्ही काही बोललो नाही." मी तिला समजावलं, की अगं, धरून सोडून देतात. ती म्हणाली, "मग धरतातच कशाला?" हाच प्रश्न मी बाबांना विचारला. "बेटा, तू चल तर सही," एवढंच ते म्हणाले.

पहिल्या दिवशी दतियापर्यंत बाबा अखंड बोलत होते. झाशी ओलांडली तसे शब्द कमी झाले. आणि गाडी लावून आम्ही खडकांवरून उतरत डोहाशी पोचलो तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "सावली पाण्यावर पडू द्यायची नाही," ते कुजबुजले. "पाय आपटायचे नाहीत. त्याला सगळं कळतं." मग एका सपाट खडकावर ते जे बसले ते बसलेच.

वरच्या अंगाला पाणी खडकांतून फेसाळत यायचं, आमच्यासमोर डोहात उतरून हिरवंगार व्हायचं आणि पुढे पुन्हा धावत सुटायचं. काठाला अर्जुनाची झाडं होती, पांढऱ्या गुळगुळीत खोडांची. मी एका झाडाखाली सतरंजी टाकून पेपरांचा गठ्ठा उघडला. ऊन चढत गेलं. खडक तव्यासारखे तापले. आम्ही पन्हं प्यायलो, पंचे भिजवून डोक्यावर घेतले. इतक्या तासांत सासरे एक शब्द बोलले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच त्यांचा चेहरा नीट बघता आला. तो पोराच्या चेहऱ्यासारखा दिसत होता. परीक्षा आटोपलेल्या पोराच्या.

मासा काही मिळाला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. अडचण होती आमिषाची. त्यांचे सहकारी गांडुळं आणायचे, पण मी गाडीत गांडुळं घेऊन बसणार नाही हे मी आधीच सांगून टाकलं होतं. बाबांनी ते मानलं आणि कणकेच्या गोळ्यांवर आले. महाशीर पीठही आवडीने खातो, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांनी मळलेली कणीक वाहत्या पाण्यात पडली की दोन मिनिटांत विरघळायची आणि रिकामा गळ वर यायचा.

हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई हसत सुटल्या. "ज्या माणसाला कणीक मळता येत नाही, तो मासे धरणार!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः परात घेतली. गव्हाचं पीठ, थोडं बेसन, गूळ आणि हिंग. घट्ट मळून छोटे छोटे गोळे केले आणि आपण वरणफळं शिजवतो तसे उकळत्या पाण्यात सोडले. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"हिंग कशाला?"

"वास नको यायला? तुम्ही जेवायला कशाने येता?"

त्या खेपेला गोळे गळावर चिकटून राहिले. महाशीर लागला नाही, पण दोनदा दोरी जोरात हलली. बाबांनी घरी येऊन ती हालचाल हाताने करून दाखवली. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "पाणी जोरात आहे का तिथलं? मग गोळे जरा लांबट करायला पाहिजेत. मला बघावं लागेल."

बाबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या असं कधी बोलल्या नव्हत्या.

शनिवारी आम्ही तिघं निघालो. सासूबाई पुढच्या सीटवर, मांडीवर गोळ्यांचा डबा. बाबा मागे. नदीवर पोचल्यावर त्यांनी पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि खडकांवरून आमच्या आधी खाली उतरल्या. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "मला काय सांगता? बडबड तर तुम्ही करता."

आठच्या सुमाराला बाबांच्या थेंबांची वेळ झाली. थेंब घालून काही मिनिटं डोळे मिटून बसावं लागतं. रॉड खडकाच्या फटीत खोचायचा तर त्यांचा त्या फटीवर भरवसा नव्हता. माझा हात त्यांच्या डोळ्यात थेंब घालण्यात गुंतलेला. म्हणून त्यांनी रॉड सासूबाईंच्या हातात दिला. "फक्त धरून ठेव. काही करू नकोस."

मी थेंब घातले. बाबांनी मान मागे टाकून डोळे मिटले. आणि रीलने किंचाळी फोडली.

"आई गं!" सासूबाई ओरडल्या. रॉड कमानीसारखा वाकला होता. त्या दोन पावलं पाण्याकडे ओढल्या गेल्या. मी धावत जाऊन त्यांच्या कमरेला मागून विळखा घातला.

"काय झालं? लागला?" बाबा डोळे मिटूनच उठून उभे राहिले.

"लागला, बाबा! आईंच्या हातात आहे!"

"मला दे! रॉड मला दे!"

"तुम्ही डोळे मिटा!" सासूबाई गरजल्या. "थेंब वाहून जातील! सांगा, काय करू ते!"

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. बाबा डोळे घट्ट मिटून खडकावर उभे, दोन्ही हात हवेत. मी सासूबाईंना धरून समालोचन करत होते. आणि सासूबाई लढत होत्या.

"कुठे जातोय?"

"डावीकडे, बाबा! त्या मोठ्या खडकाकडे!"

"खडकामागे जाऊ देऊ नको, दोरी कापली जाईल! रॉड उजवीकडे झुकव! आता सैल सोड!"

"सैल सोडून सोडूनच तुमचे सगळे गेले!"

"अगं, सोड! तो पळतोय तेव्हा पळू दे, थांबला की गुंडाळ! पळू दे, गुंडाळ!"

"असं सांगा नं मग आधी. हे तर लोकर गुंडाळल्यासारखं आहे."

आणि खरंच त्यांचा हात बसला. मासा पळाला की त्या श्वास रोखून थांबायच्या, थांबला की रील फिरवायच्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती, केस सुटले होते. बाबांनी एव्हाना डोळे उघडले होते, पण रॉड मागितला नाही. ते फक्त बघत होते, आणि थेंब की काय, ते गालांवरून वाहत होतं.

शेवटी पाणी उथळ होतं तिथे तो आला. पाठ हिरवट, कुशी पिवळ्याधमक, कल्ल्यांपाशी तांबूस. माझ्या हातभर लांबीहून मोठा. दमून आडवा पडला होता आणि जाड ओठांची उघडझाप करत होता. बाबा पाण्यात गुडघ्यांवर बसले. ओल्या हातांनी त्यांनी त्याला अलगद सावरलं आणि गळ काढला. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरून राहिले.

"असा लगेच सोडायचा नाही," ते हळूच म्हणाले. "दम खाऊ द्यायचा. तू धर. इथे, पोटाखाली."

सासूबाईंनी हात पाण्यात घातला. "अहो, याचं काळीज लागतंय हाताला," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने माशाने शेपूट हलवलं, एकदा, दोनदा, आणि त्यांच्या तोंडावर पाण्याचा सपकारा मारून डोहात नाहीसा झाला.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की फोटो कोणीच काढला नाही. फोन सतरंजीवर, पेपरांखाली.

परतताना बाबा झाशीपर्यंत गप्प होते. नदी मागे पडल्यावरही गप्प, हे नवीनच होतं. मला वाटलं, मनाला लागलं. इतकी वर्षं उन्हात बसले ते स्वतः, आणि मासा मिळाला आईंना. दतियाला चहासाठी थांबलो. बाकावर दोघं शेजारी बसले होते. बाबांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "तू इतक्या वर्षांत कधी चलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"मला वाटलं, तुला काही आवडणार नाही. ऊन, दगड..."

"आवडलं नसतं तर मी बोलले असते. बोलता मला येतं."

बाबा बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या शनिवारी चलतेस का?"

सासूबाईंनी बिस्किटाचा पुडा फोडला, एक मला दिलं, एक त्यांना. "चलू," त्या म्हणाल्या. "पण माझा रॉड वेगळा पाहिजे. तुमचा फार जड आहे."

दुसरा रॉड आला. आता उन्हाळ्यात आमच्या गाडीत दोन रॉड, एक डबा, पन्ह्याची सुरई आणि माझा गठ्ठा असतो. सासूबाईंच्या भिशीत कोणालाही त्या माशाची गोष्ट खरी वाटत नाही. एका बाईंनी तर सरळ विचारलं, "फोटू दिखाओ." सासूबाई म्हणाल्या, "नको मानू." बाबा मात्र जातील तिथे साक्ष देतात आणि दर वेळी मासा वीतभर वाढवतात. माझी मुलगी त्यांना चिडवते, "आजोबा, पिछली बार तो एवढाच होता नं!" ते म्हणतात, "तेव्हा माझे डोळे मिटलेले होते."

बाबांनाही पुढे महाशीर मिळाले. लहान, मध्यम, एक चांगला मोठा. पण घरी आल्यावर ते स्वतःच्या माशांबद्दल पूर्वीसारखं फार सांगत नाहीत. खडकावर दोघं हातभर अंतर ठेवून बसतात, तास न् तास, एक शब्द न बोलता. मधूनच सासूबाई डब्यातून गोळा काढून न बघता त्यांच्याकडे सरकवतात, आणि ते न बघता घेतात.

या मेमध्ये एकदा दुपारी दोघंही अर्जुनाच्या सावलीत आडवे झाले. बाबा घोरत होते, सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला होता. पेपर तपासून माझे डोळे शिणले होते. मी उठले, सासूबाईंचा रॉड घेतला आणि गोळा लावून दोरी टाकली. सावली पाण्यावर पडणार नाही अशी, थोडी मागे उभी राहिले. पाय भाजत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग दोरीत एक झटका आला, अगदी हलका, कोणी बाही ओढावी तसा, आणि मी इतक्या जोरात ओरडले, की दोघं दचकून उठून बसले आणि एकाच वेळी म्हणाले,

"सैल सोड!"